कोरड्या चमच्याची शिस्त : पाकीटबंद अन्नाच्या कारखान्यात नेमके काय घडते

मे महिन्यातल्या एका दुपारी शेजारच्या काकू गोठवलेल्या मटारचे पाकीट घेऊन आमच्या दारात आल्या. पाकीट कुठे फाटलेले नव्हते आणि त्यावरची तारीख उलटायलाही बरेच महिने बाकी होते, पण आत मटारचे सुटे दाणे नव्हते. सगळ्यांचा मिळून एक बर्फाळ गोळा झाला होता. "पाकीट बंद आहे, तारीख शिल्लक आहे, मग हे असे कसे झाले? आणि आता खायचे की टाकायचे?" असे त्यांनी विचारले. त्यांना उत्तर देताना माझ्या लक्षात आले की हा प्रश्न त्या एका पाकिटापुरता नाही.

दिवाळीच्या तोंडावर मावा आणि तूप जप्त झाल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. २०२४ च्या एप्रिलमध्ये हाँगकाँग आणि सिंगापूर येथे तपासणीत इथिलीन ऑक्साइड हे जंतुनाशक रसायन आढळल्यामुळे काही भारतीय मसाल्यांची विक्री थांबवण्यात आली, तेव्हा आपल्या डब्यातल्या मसाल्याविषयी अनेकांच्या मनात शंका आली. दुसरीकडे, बडोद्यातल्या आपल्या घरांत पहाटेच्या दुधाच्या पिशवीपासून रात्रीच्या फरसाणापर्यंत बहुतेक गोष्टी आता कुठल्यातरी कारखान्यातूनच येतात. मांस शिजवणाऱ्या आणि न शिजवणाऱ्या, दोन्ही प्रकारच्या घरांना हे लागू आहे. म्हणून त्या कारखान्यांच्या भिंतीआड काय चालते, हे समजून घेतले पाहिजे.

अन्न नासणे आणि अन्न बाधणे या दोन गोष्टी आहेत

आपण अन्नाची परीक्षा नाकाने करतो. आंबूस वास आला, बुरशी दिसली किंवा तार सुटली की ते टाकून देतो. पण अन्न नासवणारे जंतू आणि माणसाला आजारी पाडणारे जंतू बहुधा वेगवेगळे असतात. साल्मोनेला हा जुलाब आणि ताप आणणारा जंतू अन्नात पुरेशा संख्येने असला तरी त्या अन्नाचा रंग, वास आणि चव अगदी नेहमीसारखी राहू शकते. त्यामुळे वास चांगला आहे एवढ्यावरून अन्न सुरक्षित ठरत नाही, आणि कारखान्यातल्या साऱ्या खटाटोपाचे मूळ या एका गोष्टीत आहे.

जंतूंना वाढायला ओलावा, पोषण, सोयीचे तापमान आणि वेळ लागतो. साधारण ५ ते ६० अंश सेल्सियस हा त्यांचा सुखाचा पट्टा आहे आणि बडोद्याचा उन्हाळा त्याच्या मधोमध येतो. अनुकूल परिस्थितीत काही जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतात. या गतीने एका जंतूचे सात तासांत वीस लाखांहून अधिक जंतू होतात. म्हणजे सकाळी दहाला ओट्यावर राहिलेले भांडे संध्याकाळी पाचला उघडले तर ते सकाळचे अन्न राहिलेले नसते. थंडीने जंतू बहुधा मरत नाहीत, त्यांची वाढ मंदावते किंवा थांबते. उष्णतेने मात्र ते मरतात, पण किती अंशांवर किती वेळ हे दोन्ही पाळले तरच.

आजीची बरणी आणि अंतराळवीरांचे जेवण

लोणचे घालणाऱ्या आजीने कधी प्रयोगशाळा पाहिली नव्हती. तरीही तिचे लोणचे वर्षभर टिकत असे, कारण बिघाड कुठून शिरतो हे तिला पक्के ठाऊक होते. कैरी पुसून कोरडी करायची, बरणी उन्हात तापवायची, मीठ हात आखडून घालायचे नाही, वर तेलाचा थर राहिलाच पाहिजे आणि बरणीत ओला चमचा कुणीही घालायचा नाही, एवढ्या जागा तिने राखल्या होत्या. बरणीतली प्रत्येक फोड चाखून पाहण्याची तिला गरज पडत नव्हती.

जगभरच्या अन्नकारखान्यांत आज जी पद्धत प्रमाण मानली जाते, ती नेमकी हीच आहे. कारखान्यांत तिला 'हॅसप' म्हणतात. कच्चा माल आत आल्यापासून पाकीट बाहेर पडेपर्यंत धोका कुठे कुठे शिरू शकतो याचा आधी विचार करायचा, त्यातल्या ज्या जागी तो अडवला नाही तर पुढे कुठेच अडणार नाही अशा निर्णायक जागा ठरवायच्या, प्रत्येक जागेसाठी मोजता येईल अशी मर्यादा घालायची आणि ती पाळली गेल्याची नोंद ठेवायची, असा त्याचा अर्थ. दुधाचे उदाहरण घ्या. पाश्चरीकरण म्हणजे दूध किमान ७२ अंशांवर किमान १५ सेकंद तापवून लगेच गार करणे. यंत्रातले दूध ७२ अंशांपर्यंत पोचले नाही, तर एक झडप आपोआप ते दूध मागे वळवते आणि पुन्हा तापवायला पाठवते. कामगाराच्या आठवणीवर किंवा सद्‍भावनेवर काही सोपवलेले नसते. तापमानाचा आलेख त्याच वेळी नोंदला जात असतो.

या पद्धतीचा जन्म अंतराळप्रवासाच्या तयारीत झाला. १९६० च्या सुमारास अमेरिकेच्या 'नासा' संस्थेला अंतराळवीरांसाठी असे अन्न हवे होते की ज्याने यानात कुणाला बाधा होणार नाही. पिल्सबरी ही कंपनी आणि अमेरिकी लष्कराच्या प्रयोगशाळा कामाला लागल्या, आणि त्यांना लवकरच कळले की तयार माल तपासून अशी खात्री द्यायची तर त्यातला फार मोठा भाग तपासणीतच संपेल. तेव्हा तपासणीवरचा भर कमी करून बनवण्याच्या प्रत्येक पायरीवर ताबा ठेवण्याचा विचार पुढे आला.

शेवटी नीट तपासून घेतले तर पुरणार नाही का?

हा आक्षेप अगदी स्वाभाविक आहे, आणि सरकारने जास्त नमुने तपासावेत ही मागणीही रास्त आहे. पण थोडे गणित करून पाहा. एखाद्या कारखान्यात दर १०० पाकिटांमागे एक पाकीट दूषित आहे असे धरू. त्यांपैकी कुठलीही १० पाकिटे तपासली, तर दहाही निर्दोष निघण्याची शक्यता सुमारे ९० टक्के असते. ६० पाकिटे फोडली तरी दोष न सापडण्याची शक्यता सुमारे ५५ टक्के उरते. आणि दूषित पाकिटांचे प्रमाण हजारात एक असेल, तर ६० पाकिटे तपासूनही १०० पैकी ९४ वेळा अहवाल स्वच्छ येईल. रोज एक लाख पाकिटे बाहेर पडत असतील तर त्यांतली शंभर दूषित पाकिटे घराघरांत गेलेली असतील आणि प्रयोगशाळेचा कागद निर्दोष असेल.

भाताचे एक शीत दाबून सगळा भात कळतो, कारण सगळी शिते एकाच पातेल्यात सारखीच शिजलेली असतात. जंतू असे सारखे पसरलेले नसतात. ते एखाद्या कोपऱ्यात, एखाद्या सांध्यात, एखाद्या पाकिटात असतात. म्हणून शितावरून भाताची परीक्षा हा आपला जुना न्याय इथे लागू पडत नाही. तपासणीचा खरा उपयोग आपली पद्धत ठीक चालली आहे ना, हे अधूनमधून पडताळण्यापुरता आहे.

मांसाच्या कारखान्यात इतकी थंडी का?

मांस हे जंतूंसाठी सर्वांत सोयीचे अन्न आहे, कारण त्यात पाणीही भरपूर आणि पोषणही भरपूर. निरोगी जनावराच्या स्नायूंत आतून जंतू जवळजवळ नसतात. ते असतात कातडीवर, पिसांत आणि आतड्यांत. त्यामुळे कारखान्याची सारी आखणी एका दिशेने जाणारी असते. पशुवैद्य जनावराची कत्तलीपूर्वी तपासणी करतो आणि कत्तलीनंतर अवयवांची पुन्हा करतो. कोंबडी गरम पाण्यातून काढून यंत्राच्या रबरी बोटांनी तिची पिसे काढली जातात आणि मग आतडी बाहेर घेतली जातात. निर्णायक जागा इथे आहे, कारण आतडे फाटले तर त्यातले साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर हे जंतू मांसावर आणि पुढच्या कोंबड्यांवरही पसरतात. लगेच पुढे मांस ४ अंशांच्या आसपास गार केले जाते आणि गोठवायचे असेल तर उणे १८ अंशांपर्यंत नेले जाते.

भारतातून निर्यात होणाऱ्या म्हशीच्या मांसाची गोष्ट आणखी बोलकी आहे. ते हाडांसह पाठवता येत नाही. कत्तलीनंतर धड २ ते ४ अंशांच्या खोलीत सुमारे २४ तास टांगून ठेवतात. या काळात स्नायूंमधल्या साठलेल्या साखरेचे दुग्धाम्ल बनते, आणि दह्यासारखीच आंबट बाजूकडे झुकणारी अवस्था मांसात तयार होते. आंबटपणा मोजण्याच्या 'पीएच' या मापावर आकडा ६ च्या खाली आला की लाळ्या-खुरकूत रोगाचा विषाणू स्नायूंमध्ये निष्प्रभ होतो. हाडांच्या मगजात आणि लसिकाग्रंथींच्या गाठींमध्ये ते आम्ल पुरेसे तयार होत नाही, म्हणून हाडे आणि गाठी काढून टाकतात. एखादा नियम वरवर विचित्र वाटतो आणि त्याच्यामागे इतके चोख कारण असते, हे मला नेहमी समाधान देते.

खिम्याचा धोका अखंड तुकड्यापेक्षा मोठा असतो. अखंड तुकड्यावरचे जंतू पृष्ठभागावर असतात आणि भाजताना मरतात; खिमा करताना मात्र तेच जंतू आतपर्यंत कालवले जातात, शिवाय अनेक जनावरांचे मांस एकत्र येते. १९९३ मध्ये अमेरिकेत अर्धवट भाजलेल्या खिम्याच्या टिक्क्यांमुळे सातशेहून अधिक लोक आजारी पडले आणि चार मुले दगावली. त्यानंतर १९९६ मध्ये तेथील सरकारने मांसाच्या कारखान्यांना हॅसप पद्धत सक्तीची करणारा नियम आणला. चार घरांतली मुले गेल्यावर जो नियम आला, त्याला केवळ कागदी सोपस्कार म्हणून कुणी झटकून टाकू नये असे मला मनापासून वाटते.

अशा कारखान्यात कच्च्या मालाचा आणि शिजलेल्या मालाचा विभाग वेगळा, सुऱ्या आणि पाट वेगळ्या रंगांचे, बूट वेगळे, हवेचा झोतसुद्धा शिजलेल्या बाजूकडून कच्च्या बाजूकडे. हे वाचून काहींना जुन्या घरांतले सोवळे-ओवळे आठवेल. स्पर्शाने दोष पसरतो हे निरीक्षण त्यात होते, पण ते माणसांना दूर लोटण्यासाठी वापरले गेले, आणि तो अन्याय होता. इथे कच्चे आणि शिजलेले एवढाच भेद आहे, आणि तो मालकालाही पाळावा लागतो.

"इतके टिकते म्हणजे रसायन घातलेलेच असणार"

असे नेहमीच नसते. टिकाऊपणा पुष्कळदा पाण्याच्या हिशेबातून येतो. पदार्थात एकूण पाणी किती आहे यापेक्षा जंतूंना वापरता येईल असे मोकळे पाणी किती आहे, हे महत्त्वाचे असते. या मोकळ्या पाण्याचे माप शून्य ते एक असे धरतात, ते ०.६ च्या खाली गेले की कुठलाच जंतू किंवा बुरशी वाढू शकत नाही. शेव, पापड आणि कोरडा चिवडा त्यामुळे टिकतात. आपल्या बडोद्याचा लिलो (गुजरातीत लिलो म्हणजे ओला) चिवडा मात्र नावाप्रमाणे ओलसर आणि मऊ असतो, तरी तो लगेच नासत नाही. बटाट्याचा कीस आणि डाळ तळताना जंतू मरतात, बरेचसे पाणी उडून जाते, उरलेले पाणी साखर आणि मीठ बांधून ठेवतात आणि आंबटपणाही हातभार लावतो. एकच मोठी भिंत नसली तरी लहान लहान अडथळे ओळीने उभे केले की जंतू थकतात. साखरांबा आणि लोणचे याच तत्त्वावर टिकतात.

फुगलेल्या पाकिटात हवा भरून ग्राहकाला फसवतात, अशी तक्रार सर्रास ऐकू येते. वजन छापलेल्यापेक्षा कमी असेल तर ती फसवणूकच आहे. पण आत भरलेला वायू बहुधा नायट्रोजन असतो, जो आपल्या श्वासाच्या हवेतही ७८ टक्के आहेच. तेल खवट होते ते प्राणवायूमुळे आणि उजेडामुळे. पाकिटाच्या आतला चंदेरी थर या दोघांना बाहेर ठेवतो आणि नायट्रोजन आतली जागा भरून काढतो. तळणीच्या तेलाचे दुखणे निराळे आहे. तेल वारंवार तापले की त्यात घातक घटक साठतात, आणि त्यांचे प्रमाण २५ टक्क्यांवर गेल्यास ते तेल वापरू नये असा नियम भारतात जुलै २०१८ पासून लागू आहे.

फ्रीजशिवाय महिनोन्महिने टिकणाऱ्या तयार डाळीच्या किंवा पनीरच्या पाकिटाचा प्रकार प्रेशर कुकरसारखा आहे. भरलेले आणि बंद केलेले पाकीटच दाबाखाली सुमारे १२१ अंशांवर तापवतात. बोट्युलिनम हा विष तयार करणारा जंतू साध्या उकळीने मरत नाही, कारण तो कवचबंद बीजरूपात तग धरतो. त्याला मारण्यासाठी एवढी उष्णता लागते. आपल्याकडे हे तंत्र म्हैसूरच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेने जवानांच्या शिधासाठी विकसित केले. अशा पाकिटात परिरक्षक रसायनाची गरजच उरत नाही.

सुरक्षित म्हणजे पौष्टिक नव्हे

इथपर्यंत वाचून कारखान्यातले सगळेच अन्न चांगले, असा समज कृपया करून घेऊ नका. पाकिटातले अन्न बाधणार नाही हा एक प्रश्न आणि ते रोज खाल्ल्याने शरीराचे काय होईल हा दुसरा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये सॉसेज, सलामी यांसारख्या प्रक्रिया केलेल्या मांसाचा समावेश कर्करोगकारक पदार्थांत केला. रोज ५० ग्रॅम असे मांस खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, असा त्यांचा निष्कर्ष आहे. अशा मांसात घातले जाणारे नायट्राइट एकीकडे बोट्युलिनमला रोखते आणि दुसरीकडे पोटात घातक संयुगे तयार होण्यास कारण ठरू शकते. फरसाणातल्या मिठाचेही तसेच आहे. दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला चहाबरोबरच्या वाटीभर शेवेनंतर पाळणे कठीण जाते. हॅसपची वही कितीही चोख असली तरी या प्रश्नाचे उत्तर तिच्यात नाही.

मग घरचेच बरे नाही का?

घरी चूक झाली तर चार माणसे आजारी पडतात. कारखान्यात झाली तर ती चूक ट्रकमध्ये बसून चार राज्यांत जाते. दक्षिण आफ्रिकेत २०१७-१८ मध्ये पोलोनी नावाच्या तयार मांसातून लिस्टेरिया हा जंतू पसरला, हजाराहून अधिक लोक आजारी पडले आणि दोनशेहून अधिक दगावले. त्यांत नवजात बालके बरीच होती. लिस्टेरिया फ्रीजच्या थंडीतही वाढतो आणि कारखान्याच्या गटारांत, यंत्रांच्या सांध्यांत चिकट थर करून राहतो. मांस नीट शिजले होते. दोष शिरला तो शिजवल्यानंतर. आजीच्या भाषेत, बरणी भरून झाल्यावर कुणीतरी ओला चमचा घातला.

परंतु यावरून लहान उत्पादकांनी हे काम सोडावे असे मुळीच नाही. रावपुरा, दांडिया बाजार या भागांत चकली, भाजणी, पुरणपोळी करून विकणाऱ्या आपल्या कितीतरी भगिनी आहेत आणि त्यांच्या हाताची स्वच्छता अनेक कारखान्यांना लाजवील. त्यांना महागडी यंत्रे नकोत. एक चांगला तापमापक, कोरडी जागा, तेल कधी बदलले आणि कोणता माल कोणत्या दिवशी केला याची वही, एवढ्याने बरेच साधते. अन्नसुरक्षा आणि मानके कायदा २००६ चा. त्याखाली लहान उत्पादकाला नोंदणी आणि मोठ्याला परवाना घ्यावा लागतो. पाकिटावर छापलेल्या चौदा आकडी क्रमांकाचा पहिला आकडा १ असेल तर तो परवाना, २ असेल तर ती नोंदणी. 'फूड सेफ्टी कनेक्ट' या सरकारी अ‍ॅपवर हा क्रमांक खरा आहे का ते पाहता येते आणि तक्रारही करता येते. तक्रारीत लॉट क्रमांक जरूर लिहावा, कारण दूषित माल बाजारातून परत बोलावताना नेमकी कोणती खेप उचलायची हे त्यावरूनच ठरते.

कारखान्याच्या फाटकाबाहेर

आता काकूंच्या मटाराकडे येऊ. मटार सोलून, उकळत्या पाण्यातून क्षणभर काढून, अतिशय थंड हवेच्या झोतात प्रत्येक दाणा वेगळा गोठवला जातो. म्हणून चांगल्या पाकिटात दाणे सुटे असतात. तिथून आपल्या घरापर्यंत उणे १८ अंश कुठेही सुटू न देण्याच्या व्यवस्थेला शीतसाखळी म्हणतात. कारखान्याचे शीतगृह, गाडी, घाऊक व्यापाऱ्याची खोली, दुकानातला डीप फ्रीज आणि आपली पिशवी या तिच्या कड्या. दाणे एकमेकांना चिकटून गोळा झाला, याचा अर्थ कुठेतरी ते वितळले, पाणी सुटले आणि पुन्हा गोठले. छापलेली तारीख ही सांगितलेल्या तापमानात ठेवले तर, या अटीवरच दिलेली असते. किती वेळ वितळले होते हे कळायला मार्ग नाही, म्हणून असे पाकीट स्वीकारू नये. चिकनच्या बाबतीत तर मुळीच नाही.

ही साखळी घरातही पुढे चालते. गोठवलेला माल खरेदीच्या शेवटी घ्यावा आणि भर दुपारी स्कूटरच्या डिकीत ठेवून मांडवीपर्यंत दुसरी कामे करत फिरू नये. मांस ओट्यावर न ठेवता फ्रीजच्या सर्वांत खालच्या कप्प्यात खोलगट भांड्यात झाकून वितळू द्यावे, म्हणजे त्याचे पाणी शिजलेल्या अन्नावर ठिबकत नाही. कच्चे चिकन नळाखाली धुण्याची आपली सवयही सोडलेली बरी. त्या शिंतोड्यांनी जंतू ओटाभर उडतात, आणि नीट शिजवल्यावर ते तसेही मरणारच असतात.

काकू आणि मी पाकीट घेऊन दुकानात गेलो. दुकानदाराने बराच वेळ टाळाटाळ केली आणि मग सांगितले की वीजबिल वाचवण्यासाठी तो रात्री डीप फ्रीज बंद करतो. झाकण बंद असले की थंडी आतच राहते, असे त्याला वाटत होते. आम्ही त्याला तो गोळा दाखवला. पुढच्या आठवड्यात काकूंनी तिथूनच नवे पाकीट आणले आणि आमच्या दारात उभे राहून ते हलवून दाखवले. आत दाणे खुळखुळत होते.